राहते घर आणि विकावयाचे घर

घराची दुरुस्ती कोणासाठी करावयाची, हा प्रश्न ऐकावयास फार सोपा वाटतो. ज्यात आपण राहतो ते घर आपल्यासाठी व आपल्या लेकराबाळांसाठी दुरुस्त करावयाचे, असे उत्तर कोणीही देईल. परंतु आपल्या भोवतालच्या वस्तीकडे नीट पाहिले असता काही निराळेच आढळते. एखाद्या घराचे छत दहा पावसाळे ठिबकत असते. घरची बाई थेंबाखाली परात ठेवते, भरली की ओतते, व पुन्हा ठेवते. भिंतीचे पोपडे पडतात, दाराच्या चौकटीस वाळवी लागते, न्हाणीचे पाणी उंबऱ्याशी साचते. घरधनी म्हणतो, "पुढच्या वर्षी पाहू." मग एके दिवशी घर विकण्याचे ठरते, आणि काय आश्चर्य! पंधरा दिवसांत गवंडी येतो, रंगारी येतो, चौकटीच्या भोकांत लांबी भरली जाते, छताच्या डागांवरून पांढरा हात फिरतो. जे घर दहा वर्षे आपल्या माणसांस सुखाचे झाले नाही, ते परक्या मनुष्याच्या अर्ध्या घटकेच्या नजरेसाठी सुंदर होते.

ह्यात दोन प्रश्न आहेत. आपल्या माणसांसाठी जे केले नाही ते गिऱ्हाइकासाठी का केले, हा पहिला. आणि जे केले त्यास दुरुस्ती म्हणावे की फसवणूक म्हणावे, हा दुसरा. वरवर पाहता हे प्रश्न वेगळे दिसतात. पण ते एकाच मुळापासून निघालेले आहेत असे आम्हांस वाटते. त्यांचा आज थोडा विचार करू.

विचार हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवू. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, ह्या शहराच्या दक्षिणेस गारखेडा नावाचे खेडे होते. शहर वाढत गेले, १९८२ साली तेथे महानगरपालिका स्थापन झाली, आणि आसपासच्या खेड्यांची शेते जाऊन त्यांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. गारखेड्याचेही तेच झाले. जेथे पूर्वी ज्वारी डोलत होती तेथे आज सूतगिरणी चौकाची गर्दी आहे व विभागीय क्रीडा संकुल आहे. अशा ठिकाणी घर कोण घेतो? कोणी कारखान्यात आयुष्य घालवून मिळालेल्या पैशांत घेतो, कोणी गावाकडचे दोन एकर शेत विकून घेतो, कोणी बायकोचे दागिने मोडून घेतो. विकणाराही बहुधा तसाच असतो. आधी पत्र्याच्या दोन खोल्या, मग हातात पैसे आले तेव्हा स्लॅब, मग मुलाचे लग्न झाले तेव्हा वरचा मजला, असे त्याचे घर तुकड्यातुकड्याने वाढलेले असते. म्हणजे घेणारा आयुष्याची कमाई देतो व विकणारा आयुष्याची मेहनत देतो. हा व्यवहार बाजारातल्या भाजीचा नव्हे. येथे खोटे बोलले तर एका कुटुंबाची वीस वर्षे वाया जातात.

आता दुरुस्ती म्हणजे काय, ते आधी समजून घेतले पाहिजे. आपल्या मराठवाड्यात पूर्वी गावोगावी माळवदाची घरे असत. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया व फळ्या, आणि त्यांवर मातीचा जाड थर, अशी त्यांची रचना. उन्हाळ्यात असे घर थंड राहते. परंतु पावसाळ्यात ते गळू लागले म्हणजे लोक काय करीत? माळवदावर आणखी माती टाकीत. गळती थांबे, आणि घरधनी निश्चिंत होई. पुढल्या वर्षी पुन्हा गळती, पुन्हा माती. वडिलांनी टाकलेल्या मातीवर मुलाने टाकली, मुलाच्या मातीवर नातवाने टाकली. थर वाढत गेला, भार वाढत गेला. आणि खालच्या भिंतींकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. त्या भिंती बाहेरून जाड व भक्कम दिसत. पण पुष्कळ ठिकाणी त्यांचे दोन पदर वेगवेगळे होते, मधल्या जागेत दगडांच्या कपऱ्या व चिखल भरलेला होता, आणि दोन्ही पदरांस एकत्र धरणारा आरपार दगड नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी व भोवतालच्या गावांत भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ निजले होते. त्या काही क्षणांत लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली. धक्क्याने भिंतींचे पदर सुटले, आणि माळवदाची ती सगळी माती निजलेल्या माणसांवर आली. त्यानंतर जी घरे उभी राहिली होती त्यांच्या बळकटीसाठी जाणत्या लोकांनी जे उपाय सांगितले, ते ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत ठिकठिकाणी आरपार दगड किंवा काँक्रीटचे तुकडे बसवा, घराचे कोपरे एकमेकांस बांधून घ्या, असे ते उपाय होते.

आम्ही त्या मृतांस दोष देत नाही. गरीब मनुष्याजवळ मातीवाचून दुसरा कोणता उपाय होता? पण त्या दुःखद प्रसंगातून एक गोष्ट शिकावयाची ती अशी की, दुखणे झाकणे व दुखणे बरे करणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि झाकण्याचे काम जितक्या वर्षांचे, तितका खालचा भार मोठा. हे मातीच्या घरास लागू आहे, स्लॅबच्या घरास लागू आहे, व मनुष्याच्या वागणुकीसही लागू आहे.

कोणी म्हणेल, "आता माळवदे गेली, सर्वत्र स्लॅब झाले, आता ती भीती नाही." परंतु स्लॅबचेही दुखणे त्याच जातीचे आहे. छतावर पाणी तुंबून राहिले व बारीक भेगांतून आत उतरले, म्हणजे आतील लोखंडी सळईस गंज चढतो. गंज हा मूळच्या लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. तो फुगून भोवतालच्या काँक्रीटला आतून रेटा देतो. मग खालच्या बाजूस फुगवटा दिसतो, पुढे खपली पडते, आणि तांबूस सळया उघड्या पडतात. ह्यावरची खरी दुरुस्ती कष्टाची आहे. सुटलेले सगळे काँक्रीट काढावे लागते, सळई घासून स्वच्छ करावी लागते, फार झिजली असेल तर तिला नव्या सळईची जोड द्यावी लागते, वरची गळती बंद करावी लागते, आणि नवे काम केल्यावर त्यास निदान सात दिवस पाणी मारून ओले ठेवावे लागते. खोटी दुरुस्ती मात्र एका दुपारची असते. खालून सिमेंटचा हात फिरवावा, वर पुट्टी लावावी, रंग द्यावा, की झाले! ती दुरुस्ती एखादा पावसाळा टिकते. आणि विकणाऱ्यास तेवढाच काळ पाहिजे असतो.

भिंतीच्या ओलीचेही तसेच. जोत्याखालून ओल वर चढते, ओलीबरोबर मातीतील क्षार वर येतात, पाणी वाळून जाते व क्षार भिंतीवर पांढरे फुटतात. त्यास आपल्याकडे लोणा म्हणतात. न्हाणीच्या पाण्याची वाट नीट केली, भिंतीच्या पायाशी साचणारे पाणी काढून दिले, ओला गिलावा खरवडून भिंत वाळू दिली, तर बरेचसे काम होते. त्याच ओल्या भिंतीवर रंग चढविला तर काही महिन्यांतच रंगाला फोड येतात. ज्याने घर विकले तो तोवर दूर गेलेला असतो, आणि ज्याने घेतले त्याची बायको भिंतीकडे पाहत बसलेली असते.

येथे कोणी असा प्रश्न करील की, मग रंग देणे हेच पाप आहे काय? विकण्यापूर्वी घर झाडूनपुसून स्वच्छ केले, भिंतींस नवा रंग दिला, अंगणात तुळस किंवा जास्वंद लावली, तर त्यात खोटे काय? आमचे उत्तर असे की, त्यात काहीच खोटे नाही. ह्याच शहरात बीबीचा मकबरा आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू बेगम हिच्या स्मरणार्थ सतराव्या शतकात तो बांधला गेला. त्याच्या कमरभर उंचीपर्यंत संगमरवर आहे, घुमटही संगमरवराचा आहे. परंतु मधल्या भिंती ह्याच भूमीतील काळ्या दगडाच्या आहेत, व त्यांवर चुन्याचा बारीक गिलावा देऊन तो असा घोटला आहे की दुरून सगळेच संगमरवर वाटावे. ही फसवणूक आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या गिलाव्याच्या मागचा दगड भक्कम आहे. गिलाव्याने भार उचलण्याचे सोंग घेतलेले नाही. त्याने दगडास शोभा दिली व पावसापासून थोडे राखले. शोभा ही असत्य नव्हे. ज्या भिंतीत दोष नाही तिला नटविणे म्हणजे पाहुणा येणार म्हणून मुलास स्वच्छ अंगरखा घालण्यासारखे आहे. पण मुलाच्या अंगावर गळू झाले असता ते दिसू नये म्हणून अंगरखा घालणे, ह्यास आपण काय म्हणू?

मग शोभा कोठे संपते व कपट कोठे सुरू होते, हे ओळखावे कसे? त्यासाठी आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. जे काम चालले आहे ते घेणारा मनुष्य शेजारी उभा राहून पाहत असता आपण करू शकू काय? गवंडी भेग खोल खरवडून भरीत असता घेणारा आला, तर विकणारा त्यास आनंदाने बोलावून दाखवील. परंतु भेगेवर नुसती पुट्टी चोपडली जात असता तो आला, तर विकणारा त्यास चहाच्या निमित्ताने दुसऱ्या खोलीत नेईल. हात तोच, थापी तीच, भिंत तीच. फरक एवढाच की एक काम उजेड सहन करते व दुसरे करीत नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या तेराव्या अध्यायात दुर्बळ भिंतीस चुना फासणाऱ्यांची गोष्ट आहे, ती आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. ती गोष्ट खोट्या संदेष्ट्यांविषयी सांगितली असली, तरी दृष्टांत म्हणून ती तेथे चालली ह्याचे कारण हेच की, असे गवंडी व असे घरधनी त्या काळीही प्रत्येक गावात होते, व पाऊस आला म्हणजे काय होते हे ऐकणाऱ्यास सांगावे लागत नव्हते.

दुसरा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. विकणाऱ्याने काही झाकले नाही, काही खोटे सांगितलेही नाही. तो केवळ गप्प राहिला. घेणाऱ्याने विचारले नाही, त्याने सांगितले नाही. ही लबाडी आहे काय? बाजाराची रीत म्हणते, डोळे उघडे ठेवून घ्यावे. फसला तर घेणारा मूर्ख. पण आपल्या देशाचा कायदासुद्धा इतके सैल बोलत नाही. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमात असे सांगितले आहे की, मालमत्तेतील किंवा तिच्या हक्कातील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास माहीत आहे, घेणाऱ्यास माहीत नाही, व घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनही कळण्यासारखा नाही, तो दोष विकणाऱ्याने उघड करण्यास तो बांधलेला आहे. आणि तो न सांगणे हे कपट समजले जाते. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या कायद्याने मौनासही कपट म्हटले आहे.

'हक्कातील दोष' हे शब्द आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. घरास दोन प्रकारच्या भेगा असतात, एक भिंतीतील व दुसरी कागदातील. शहरांच्या कडेकडेने शेतजमिनीचे तुकडे पाडून गुंठ्या-गुंठ्याने विकले गेले. एकराचे चाळीस गुंठे. त्यांतील पुष्कळांस ना बिगरशेती परवाना होता, ना मंजूर नकाशा. अशा वस्त्यांस गुंठेवारी म्हणतात, व औरंगाबादेत त्या फार झाल्या. त्या नियमित करून घेण्यासाठी राज्याने २००१ साली गुंठेवारी अधिनियम केला, व २०२१ साली त्यात दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांस ती संधी दिली. तेव्हा ज्याचे घर गुंठेवारीत आहे त्याने ते नियमित करून घेणे, शुल्क भरणे, कागद जपून ठेवणे, हीसुद्धा घराची दुरुस्तीच होय. आणि जर ती झालेली नसेल, तर विकताना तसे स्पष्ट सांगणे हे त्याचे कर्तव्य होय. तीच गोष्ट भावाबहिणींच्या हिश्श्याची, थकलेल्या घरपट्टीची, व पाण्याची. ह्या शहरात कित्येक वर्षे नळास रोज पाणी येत नसे, म्हणून घरोघर हौद, टाक्या व बोअर झाले. "आमच्या बोअरला बारमाही पाणी आहे," हे वाक्य श्रावणात बोलणे सोपे असते. वैशाखात काय होते, ते विकणाऱ्याच्या घरातील बायकांस विचारावे!

परंतु कायदा हा कुंपणाचा शेवटचा काटा आहे. चांगल्या मनुष्याने तेथपर्यंत जाण्याची वाट पाहू नये. लेवीयाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीस लागलेल्या चट्ट्याचा नियम आहे. त्यात आम्हांस एक बारीक गोष्ट फार मोलाची वाटते. याजकाने दारोदार हिंडून भिंती तपासाव्या असे तेथे नाही. ज्याचे घर त्याने स्वतः याजकाकडे जाऊन सांगावयाचे की, माझ्या घरात मला असे काही दिसते आहे. मग भिंत पाहावी, घर काही दिवस बंद ठेवावे, चट्टा पसरला असल्यास ते दगड काढून टाकावे, भिंत खरवडावी, नवे दगड व नवा गिलावा घालावा, आणि इतके करूनही तो पुन्हा उठला तर घर पाडावे, असा क्रम आहे. त्या काळी त्या चट्ट्याचा अर्थ काय होता ह्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. पण पहिला शब्द घरधन्याचा, ही रीत आजही खरी आहे. घराचे दुखणे घरात राहणाऱ्यास जसे कळते तसे पाहावयास आलेल्यास कधीच कळत नाही. म्हणून बोलण्याची जबाबदारीही त्याचीच.

आता सर्वांत कठीण प्रश्नाकडे येतो. समजा, एका मनुष्याचा मुलगा दवाखान्यात आहे. घर विकल्यावाचून औषधपाणी होत नाही. दोष सांगितला तर भाव लाख-दीड लाखाने पडेल, कदाचित सौदाच मोडेल. अशा मनुष्यास "खरे बोल" असे सांगणे, हे ज्याच्या घरात धान्य भरलेले आहे त्याला सोपे आहे. तो बाप आपणांस विचारील, "माझ्या लेकराच्या जिवापेक्षा परक्याची भिंत मोठी काय?" ह्या प्रश्नापुढे थोडा वेळ गप्प बसावे हेच योग्य. तरीही विचार करून आम्हांस असे म्हणावे लागते की, त्याने सांगितले पाहिजे. कारण घेणाराही बहुधा कोणाचा तरी बाप आहे, आणि ज्या छताखाली तो आपली लेकरे निजविणार आहे ते छत पडणारे आहे. पहिल्या बापाचे दुःख खरे. पण ते दुसऱ्या बापाच्या डोक्यावर, त्याच्या नकळत, ठेवल्याने ते हलके होत नाही, फक्त जागा बदलते.

परंतु एवढे बोलून आम्ही थांबलो तर तो अन्याय होईल. खरे बोलणाऱ्यास एकटे सोडणे हेही पाप आहे. अशा वेळी शेजाऱ्यांनी, भाऊबंदांनी व मंडळीतील वडीलधाऱ्यांनी त्याच्या अडचणीत उभे राहिले पाहिजे. जाणत्या गवंड्यास बोलावून दुरुस्तीचा खरा अंदाज काढून दिला पाहिजे. दोषाचे नाव मोठे असते, खर्च पुष्कळदा तितका नसतो. "छत गळते" एवढेच ऐकून घेणारा घाबरतो. पण "छत ह्या कोपऱ्यात गळते, दुरुस्तीस इतका खर्च येतो, तो किमतीतून वजा करून घ्या," असे कागदावर लिहून दिले म्हणजे तोच मनुष्य शांतपणे विचार करतो. सत्य अर्धवट सांगितले की भय उपजते. मोजून सांगितले की व्यवहार होतो.

आणि घेणाऱ्यासही दोन शब्द सांगितले पाहिजेत. विकणाऱ्याने प्रामाणिकपणे एक दोष सांगितला की त्याच दोषास धरून दहा वेळा भाव पाडणारे, त्याची निकड ओळखून त्यास वाकविणारे लोक पुष्कळ असतात. असे करणारा मनुष्य केवळ एक घर स्वस्तात घेत नाही. तो सगळ्या गल्लीस धडा देतो की, खरे बोलाल तर बुडाल. पुढचा विकणारा गप्प राहिला तर त्या मौनाचा अर्धा दोष ह्या घेणाऱ्याचा आहे. वर सांगितलेल्या त्याच ५५ व्या कलमात घेणाऱ्यावरही एक बंधन आहे. विकणाऱ्याच्या हक्काचे स्वरूप किंवा व्याप्ती ह्यांविषयी किंमत बरीच वाढविणारी एखादी गोष्ट घेणाऱ्यास माहीत असेल, व ती विकणाऱ्यास ठाऊक नाही असे त्यास वाटत असेल, तर ती त्याने सांगितली पाहिजे. तराजूस दोन पारडी असतात. सत्य दोन्हींत ठेवावयाचे असते.

आता आम्ही आरंभीच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. आपल्या माणसांसाठी जे केले नाही ते गिऱ्हाइकासाठी का केले? ह्याचे कारण आम्हांस असे दिसते की, पुष्कळ लोकांस घराची किंमत केवळ विकण्याच्या दिवशी दिसते. राहण्याची किंमत त्यांच्या हिशेबात येत नाही. धुराने स्वयंपाक करणारीचे डोळे चुरचुरतात, त्याची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही. जिन्यास कठडा नाही म्हणून म्हातारी आई वर गच्चीवर जात नाही, त्यानेही भाव पडत नाही. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने छतास कठडा करावा अशी आज्ञा आहे, नाहीतर कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल. गच्चीवर उन्हाळ्यात आपण निजतो, मुले पतंग उडवितात. कठड्याने घराची किंमत फारशी वाढत नसेल, परंतु एक जीव वाचतो. धुरास वाट, सांडपाण्यास शोषखड्डा, न्हाणीस आडोसा, जिन्यास हात धरावयास लोखंडी नळी, रात्री वापरता येईल असा संडास, ही खरी सुधारणा होय. विकावयाचे नसतानाही ज्या सुधारणा कराव्याशा वाटतात त्याच घरास खरोखर चांगले करतात, आणि पुढे कधी विकावयाची वेळ आली तर त्याच घेणाऱ्याच्याही उपयोगी पडतात.

ह्याच्या उलट दुसरी चूकही लोक करतात. काही जण घर हे केवळ पैसा म्हणून राखतात. भिंतीत खिळा मारावयाचा नाही, ओट्यावर मुलांनी खेळावयाचे नाही, अंगणात झाड लावावयाचे नाही, कारण पुढे भाव कमी येईल! असे घर जपलेले असते, पण त्यात राहिलेले कोणी नसते. घर झिजते ते वापराने. त्या झिजेची लाज कशास? पायरीचा दगड गुळगुळीत झाला म्हणजे त्यावरून माणसे आली व गेली एवढाच अर्थ. झीज हा दोष नव्हे. झीज लपविणे व झिजेकडे दुर्लक्ष करणे, हे दोन दोष आहेत.

तेव्हा करावे काय? आम्ही एक लहानशी गोष्ट सुचवितो, आणि ती खेड्यातील घरासही तितकीच लागू आहे. प्रत्येक घरात घराची एक वही असावी. शाळेतील मुलांची साधी वही पुरे. मृग लागण्यापूर्वी गच्चीवर जाऊन पन्हळी व पाणी जाण्याची भोके साफ करावी, व केल्याची तारीख वहीत लिहावी. पाऊस सुरू झाला की छतावर किंवा भिंतीवर जेथे डाग उठेल त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालावी. पुढल्या वर्षी डाग रेघेबाहेर गेला की नाही ते आपोआप कळते. भेगेच्या दोन्ही टोकांशी तशीच खूण करावी. आपल्या काळ्या मातीची जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते, म्हणून काही भेगा ऋतूप्रमाणे उघडतात व मिटतात. परंतु जी भेग दरवर्षी पुढे सरकते तिच्यासाठी जाणत्या मनुष्यास बोलवावे. कोणत्या वर्षी कोणत्या गवंड्याने काय केले, किती पोती सिमेंट लागले, बोअरचे पाणी कोणत्या महिन्यात आटले, घरपट्टी कधी भरली, हे सर्व त्या वहीत असावे. लिहिण्याचे काम घरातील शिकणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावे. तेवढ्याने लेकरांस घर म्हणजे काय ते कळेल.

ह्या वहीचा पहिला लाभ असा की दुखणे लहान असतानाच दिसते, आणि लहान दुखण्यास खर्च लहान लागतो. दुसरा लाभ त्याहून मोठा आहे. घर विकावयाची वेळ आली तर ती वही घेणाऱ्याच्या हातात द्यावी. तीत सगळे असेल, गळती असेल, दुरुस्ती असेल, आटलेले पाणी असेल. विकण्याच्या दिवशी खरे बोलणे फार जड जाते, कारण त्या दिवशी प्रत्येक शब्दास रुपयांचे वजन असते. पण श्रावणातल्या एका साध्या संध्याकाळी, जेव्हा कोणी गिऱ्हाईक दारात नाही, तेव्हा "आज ईशान्येच्या कोपऱ्यात ओल दिसली" असे लिहिणे मुळीच जड जात नाही. अशी ओळ ओळीस जोडून दहा वर्षांत जे सत्य साठते, ते विकण्याच्या दिवशी आपोआप बोलते. त्या दिवशी नवे धैर्य कोठून आणावे लागत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की ते दोन्ही प्रश्न एकच आहेत. जो मनुष्य राहत्या घराचे दुखणे रोज पाहतो व हाताला जमेल तितके रोज बरे करतो, त्यास विकताना झाकावयाचे फारसे काही उरत नाही. आणि जो दहा वर्षे स्वतःच्या डोळ्यांपासून दुखणे झाकतो, तो शेवटी परक्याच्या डोळ्यांपासूनही झाकणार, ह्यात नवल ते काय? घर विकताना होणाऱ्या लबाडीचा आरंभ विकण्याच्या दिवशी होत नाही. तो त्या पहिल्या पावसाळ्यात होतो, ज्या वेळी थेंब पडला, परात ठेवली, आणि "पुढच्या वर्षी पाहू" असे म्हटले.

वाचकहो, यंदाच्या पावसापूर्वी आपापल्या गच्चीवर, माळवदावर किंवा पत्र्यावर एकदा चढून पाहा. भिंतीच्या पायाशी वाकून पाहा. कपाटातील कागद उघडून पाहा. जे दिसेल ते आधी घरच्यांस सांगा, मग वहीत लिहा, मग हाती घ्या. घर उद्या आपले राहो वा दुसऱ्याचे होवो; त्या छताखाली जो कोणी निजेल त्याने निश्चिंत निजावे, एवढ्यासाठी हे सर्व करावयाचे आहे.